दीपगृहें उजळणाऱ्याची चूल

इ. स. १९३० च्या सुमारास इंग्लंडांतील एखाद्या सुखवस्तु कुटुंबाला नवी चूल घ्यावयाची झाली, म्हणजे त्या घरांत मोठा खल होत असे. दिवाणखान्यांतील गालिच्याचा किंवा पडद्यांचा प्रश्न चार दिवसांच्या चर्चेनें मिटे. चुलीचें तसें नव्हतें. ती एकदां बसविली कीं वीस-पंचवीस वर्षें हालावयाची नाहीं. घराचें जेवण, स्नानाचें ऊन पाणी, हिवाळ्यांतील ऊब, आणि फारसें कोणी बोलून दाखवीत नसलें तरी स्वयंपाकिणीचा मुक्काम, हें सारें तिच्यावर अवलंबून असे. चूल वाईट निघाली तर चांगली स्वयंपाकीण महिनाअखेर नोटीस देऊन दुसरें घर पाही.

हा प्रश्न इतका बिकट होण्यास मागील सव्वाशें वर्षांचा इतिहास कारण होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विलायतेंतील बहुतेक अन्न उघड्या विस्तवावर शिजे. भिंतींतील प्रशस्त कोनाड्यांत लांकडें किंवा कोळसा पेटवावयाचा, वर सांखळीनें भांडें टांगावयाचें, पुढें लोखंडी सळईवर मांस फिरवीत बसावयाचें, आणि निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यावाटे आकाशाला अर्पण करावयाची, असा तो प्रकार होता. या उधळपट्टीवर पहिला शास्त्रीय घाव घातला तो बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यानें. हा गृहस्थ १७५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत जन्मला, स्वातंत्र्ययुद्धांत इंग्लंडच्या राजाच्या बाजूला राहिला, आणि पुढें बव्हेरियाच्या दरबारीं मोठ्या पदाला चढला. १७९० सालीं त्यानें म्यूनिक शहरांतील भिकाऱ्यांना एकत्र करून कामाला लावलें. त्यांना रोज खाऊं घालावयाचें तर थोड्या सरपणांत पुष्कळ अन्न शिजलें पाहिजे. म्हणून त्यानें विस्तव विटांच्या बांधकामांत कोंडला, प्रत्येक भांड्यासाठीं स्वतंत्र भोंक ठेवलें, आणि हवा कमीजास्त करण्यासाठीं झडपा बसविल्या. भांड्याच्या बुडाला विस्तवानें मिठी मारावी, हें तत्त्व आपल्याकडील मातीच्या चुलीला पूर्वींपासून ठाऊक होतें. धुराला वाट काढून देण्याचें शहाणपण मात्र तिला नव्हतें, आणि त्याची किंमत आपल्या आयाबहिणींनीं डोळ्यांनीं मोजली. असो. तोफेची नळी कोरतांना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हें द्रव्य नसून गतीचाच प्रकार आहे, असें १७९८ सालीं मांडणारा रम्फर्ड तो हाच. एकाच मनुष्यानें भौतिकशास्त्राला धक्का द्यावा आणि भाकरतुकड्याचीही चिंता वाहावी, हा योग विरळा.

१८०२ सालीं एक्झीटर गांवच्या जॉर्ज बॉडली यानें वरून बंद असलेल्या लोखंडी चुलीचें पेटंट घेतलें, आणि व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत ही अवाढव्य काळी चूल घरोघर पोंचली. ती दिसावयास भक्कम, परंतु खावयास कुंभकर्ण. पहांटे उठून मोलकरणीनें कालची राख उपसावयाची, धूर जाण्याच्या नळांतील काजळी खरवडावयाची, सारें लोखंड ग्राफाइटच्या काळ्या भुकटीनें घांसून चकचकीत करावयाचें, मग ती पेटवावयाची. तेव्हां कोठें तासाभरानें चहाचें आधण ठेवतां येई. १९३१ सालच्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्समध्यें घरकामावर असलेल्या स्त्रियांची संख्या सुमारें १३ लाख भरली. त्यांतील किती जणींच्या हाताच्या रेषांत ती काळी भुकटी कायमची बसली असेल! पहिल्या महायुद्धांत अनेक मुलींनीं कारखान्यांतला पगार आणि संध्याकाळची मोकळीक पाहिली होती. त्यानंतर अशा चुलीपाशीं राबावयास त्या सहजासहजीं तयार होईनात. श्रीमंतांच्या घरांत नव्या चुलीचा विचार सुरू झाला तो बराचसा या कारणानें. शास्त्राच्या प्रेमानें नव्हे.

पर्याय नव्हते असें नाहीं. लंडनच्या रिफॉर्म क्लबांत अलेक्सी स्वाये या फ्रेंच पाकशास्त्रज्ञानें १८४० नंतर गॅसवर अन्न शिजवून दाखविलें होतें. पुढें गॅस कंपन्या चुली भाड्यानें देऊं लागल्या, आणि १९२३ सालीं ‘न्यू वर्ल्ड’ नांवाच्या चुलीला ‘रेग्युलो’ हें तापमान राखणारें साधन बसल्यावर भट्टींत केक करपण्याची भीति बरीच कमी झाली. विजेची भट्टी क्रॉम्प्टन यांनीं १८९१ सालींच प्रदर्शनांत मांडली होती. तथापि वीज महाग, आणि खेड्यांतल्या मोठ्या वाड्यांपर्यंत ती किंवा गॅसची नळी अनेक ठिकाणीं पोंचलेलीच नव्हती. अशा वेळीं, १९२९ सालीं, स्वीडनहून एक नवी चूल इंग्लंडांत येऊन दाखल झाली. तिचें नांव ‘आगा’. मुंबईकरांना परिचित असलेल्या आगाखानांशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तीं एका स्वीडिश गॅस कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें होत.

या चुलीचा जनक निल्स गुस्ताफ डालेन हा १८६९ सालीं स्टेनस्टॉर्प नांवाच्या गांवीं शेतकऱ्याच्या घरांत जन्मला. सकाळीं लवकर उठण्याचा त्याला कंटाळा असे. म्हणून लहानपणींच त्यानें जुन्या घड्याळाला जोडून असें एक यंत्र केलें कीं ठराविक वेळीं दिवा लागावा, कॉफी तापावी आणि मग स्वारीनें उठावें. दुधांतील स्निग्धांश मोजण्याचें त्याचें साधन पाहून द लाव्हाल या विख्यात संशोधकानें त्याला शिकण्याचा सल्ला दिला. गोथेनबर्ग येथें १८९६ सालीं अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो झूरिकला वर्षभर राहिला, आणि पुढें ॲसिटिलीन वायूच्या धंद्यांत शिरला. समुद्रावरील दीपगृहें व तरंगते बोये या वायूनें उजळावयाचे होते. पण खडकावर राहून दिवा सांभाळणारा मनुष्य मिळणें कठीण, आणि वायूही दिवसरात्र जळून फुकट जाई. डालेननें १९०७ सालीं सूर्यझडप शोधून काढली. तींत एक काळी व तीन चकचकीत अशा धातूच्या कांड्या असत. दिवस उजाडला कीं काळी कांडी अधिक उष्णता शोषून अधिक लांबे आणि वायूची वाट बंद करी. अंधार पडला कीं ती आंखडे व दिवा पुन्हा लागे. दीपगृहाला रखवालदार नको झाला. या कामगिरीबद्दल त्याला १९१२ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत वायूच्या टांक्यांची परीक्षा चालू असतां स्फोट झाला आणि डालेनचे दोन्ही डोळे गेले. पारितोषिक घ्यावयास त्याचा भाऊ गेला. तो स्वतः नेत्रवैद्य होता, आणि तरीही भावाची दृष्टि त्याला वांचवितां आली नाहीं. डालेननें तेव्हां चाळिशी ओलांडली होती. तो घरीं बसला नाहीं. १९३७ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें कंपनीचा कारभार पाहिला, आणि १९२२ सालीं, आंधळा झाल्यानंतर दहा वर्षांनीं, ही चूल सिद्ध केली. आपली पत्नी एल्मा चुलीपाशीं दिवसभर शिणते, हें त्याला घरांत असतांना जाणवलें व त्यांतून ही कल्पना सुचली, असें सांगतात. विक्रेत्यांनीं ही कथा फार रंगविली. तिचें श्रेय कमी न करतांही म्हणतां येईल कीं चुलीचें बी दीपगृहांतच होतें: इंधन थोडें, रखवाली नाहीं, आणि काम अखंड.

आगा चुलीची रचना अशी. मध्यें कोकची लहानशी पेटी. ती चोवीस तासांत दोनदांच भरावयाची. तिची उष्णता भोंवतींच्या जाड ओतीव लोखंडांत सांठते, आणि बाहेर जाऊं नये म्हणून सभोंवार कीझेलगूर नांवाची पांढुरकी, हलकी माती ठासून भरलेली असते. (हीच माती नायट्रोग्लिसरिनमध्यें कालवून आल्फ्रेड नोबेलनें १८६७ सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें होतें. त्याच्या नांवाचें पारितोषिक मिळविणाऱ्यानें तिच्याकडून चुलीचें राखण करविलें!) वर दोन तवे, एक खळखळून उकळण्यासाठीं व दुसरा मंद शिजण्यासाठीं, आपल्याकडील चूल आणि वैल यांचेंच हें रूप. दोहोंवर जाड, बिजागरीचीं झांकणें. झांकण उघडलें कीं उष्णता हजर, मिटलें कीं कोंडलेली. खालीं एक कडक व एक मंद अशा भट्ट्या. हवेची झडप आपोआप कमीजास्त होते, म्हणून विस्तव ना भडकतो ना विझतो. रात्रीं राखेंत निखारा पुरून सकाळीं त्यावरच चूल पेटविणाऱ्या मराठी गृहिणीला यांतील तत्त्व समजावून देण्याची गरज नाहीं. तिची युक्ति येथें शास्त्राच्या हातीं पडली, इतकेंच. शिवाय अंगाला पांढरट, दुधी रंगाचें मिन्याचें लुकण. काळी भुकटी घासण्याचें काम संपलें. ओल्या फडक्यानें पुसलें कीं झालें.

ही चूल खपविण्यासाठीं कंपनीनें जे तरुण नेमले, त्यांत डेव्हिड ऑगिल्व्ही होता. पॅरिसच्या मॅजेस्टिक हॉटेलच्या मुदपाकखान्यांत त्यानें पूर्वीं घाम गाळला होता, त्यामुळें स्वयंपाक्याशीं कसें बोलावें हें त्याला कळे. स्कॉटलंडांत दारोदार फिरून त्यानें इतक्या चुली विकल्या कीं १९३५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, इतर विक्रेत्यांसाठीं मार्गदर्शनपर पुस्तिका लिहिण्याचें काम त्याच्याकडे आलें. तींत त्यानें नीट दाढी करून साध्या पोषाखांत जाण्यास सांगितलें, आणि पुढच्या दाराऐवजीं मागच्या दारानें जाण्याची शिफारस केली. ही शेवटची सूचना मोठी मार्मिक आहे. पैसे मालकीणबाई देणार. पण चूल रोज ज्या बाईच्या हातीं असावयाची, तिचें मन वळल्याशिवाय सौदा पुरा होत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. हाच ऑगिल्व्ही पुढें १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें जाहिरातसंस्था काढून जगप्रसिद्ध झाला.

घेणाऱ्यानें मात्र विक्रेत्याच्या तोंडाकडे न पाहतां आपल्या घराकडे पाहावें लागे. आगा घेतली तर इंधनाचा खर्च जुन्या चुलीच्या मानानें पुष्कळ उतरे, आणि घर थंड प्रदेशांत असेल तर स्वयंपाकघर अहोरात्र उबदार राही. पण ती यंत्रें दहा मणांच्या घरांतलीं. खालची जमीन पक्की पाहिजे, आणि जोडणारा कारागीरही जाणता पाहिजे. विस्तव एकदम मोठा वा लहान करण्याची सोय नाहीं. झांकणें वारंवार उघडीं राहिलीं तर लोखंड निवतें, म्हणून वीस पाहुण्यांचा स्वयंपाक आदल्या दिवसापासून योजावा लागतो. उन्हाळ्यांत तीच ऊब नकोशी होते. लहान कुटुंबानें शहरांत ती घेणें म्हणजे हत्ती बांधण्यासारखें होतें. त्याला गॅसची भाड्याची चूल पुरेशी होती, आणि बहुसंख्य शहरवासीयांनीं तीच घेतली. मोठ्या ग्रामीण घरांत, जेथें नोकर टिकत नव्हते आणि गॅस पोंचला नव्हता, तेथें मात्र आगाची निवड शहाणपणाची ठरली. ज्यांना ती केवळ शेजाऱ्याला दाखविण्यासाठीं हवी होती, असेही गिऱ्हाईक कंपनीला पुष्कळ लाभले, आणि कंपनीनें त्यांना नाराज केलें नाहीं.

चुलीचें ओतकाम पुढें इंग्लंडांतच, कोलब्रुकडेल येथें होऊं लागलें. याच ठिकाणीं अब्राहम डार्बी यानें १७०९ सालीं लांकडी कोळशाऐवजीं कोकवर लोखंड गाळून दाखविलें होतें. १९५६ सालीं दुधी रंगाबरोबर इतर रंग मिळूं लागले. नंतर कोकची जागा तेल, गॅस व वीज यांनीं क्रमानें घेतली. २०१५ सालीं हा धंदा एका अमेरिकन कंपनीनें विकत घेतला, आणि २०१७ सालच्या नोव्हेंबरांत कोलब्रुकडेलचा ओतकारखाना बंद झाला. जुन्या चुली मात्र इंग्लंडांतील कित्येक घरांत तशाच उभ्या आहेत. त्यांतील कोळशाची पेटी काढून तेथें विजेच्या तारा बसवून देण्याचा स्वतंत्र व्यवसायच तेथें चालतो.