दोन घरांचा मल्हारी

जेजुरीच्या पायऱ्या चढताना भंडाऱ्याची मूठ उधळून ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी अर्धी आरोळी कानडी असते, आणि हे बहुधा त्याच्या गावीही नसतं. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘कोटि’ म्हणजे कोटी. जेजुरीच्या देवाबरोबर, म्हणजे मार्तंडभैरवाबरोबर, सात कोटींचं सैन्य होतं, म्हणून तो ‘एळुकोटी’चा देव. कर्नाटकात त्याला मैलार म्हणतात, तेलंगणात मल्लण्णा. महाराष्ट्रात तो खंडोबा, मल्हारी, म्हाळसाकांत. नावं बदलली, मुलूख बदलला, तरी आरोळीतला तो ‘यळ’ शेकडो वर्षं तसाच टिकला.

देवाची कथा मल्हारी माहात्म्यात येते. मूळ ग्रंथ संस्कृत. तो स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतो, पण अभ्यासकांच्या मते तो पुराणाहून बराच अलीकडचा आहे. मणिचूर्ण पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींना मणी आणि मल्ल या दैत्यांनी छळलं. इंद्र आणि विष्णू दोघांनीही हात टेकल्यावर शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, अशी ही गोष्ट. ग्रंथात ती प्रेमपूर इथे घडते, आणि ते ठिकाण बिदरजवळचं मैलार असल्याचं मानतात. पुढे जेजुरीने तीच कथा आपल्या डोंगरावर आणून बसवली.

कथेचा शेवट मोठा विलक्षण आहे. मरताना दोन्ही दैत्य वर मागतात. मल्ल म्हणतो, माझं नाव तुझ्या नावाआधी लागू दे. म्हणून देव झाला मल्लारी, मल्हारी. मणी शरण येतो आणि देवाजवळ जागा मागतो, वर बकऱ्याच्या मांसाचा नैवेद्यही मागतो. देव दोघांचंही ऐकतो. खंडोबाच्या देवस्थानात आजही दोन पानं वाढली जातात ती यामुळेच. देवाला पुरणपोळी, भरीत-रोडगा असा शाकाहारी नैवेद्य, आणि बकरं असलं तर ते मणीच्या नावाने, देवळापासून दूर. शाकाहारी भक्ताचा देव आणि मांसाहारी भक्ताचा देव असे दोन देव करावे लागले नाहीत. गोष्टीनेच दोघांची सोय लावली.

दुसरी जोडी देवाच्या बायकांची. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, पेठेत वाढलेली. बाणाई चंदनपूरच्या धनगराची, मेंढरांमागे फिरणारी. सारिपाटात देव म्हाळसेकडून हरतो आणि बारा वर्षांचा वनवास पत्करतो. म्हाताऱ्याचा वेश घेऊन तो बाणाईच्या बापाकडे चाकरीला राहतो. मेंढरं मारतो, भंडारा टाकून पुन्हा जिवंत करतो आणि त्याबदल्यात लग्नाचा शब्द मिळवतो. बाणाईला घेऊन घरी परतल्यावर म्हाळसेचा जो संताप होतो, त्यावर देवाला वाहिलेले वाघ्या-मुरळी गाऊन रात्र रात्र जागवतात. सवतींच्या त्या भांडणात पेठ धनगरवाड्याला टोमणे मारते आणि धनगरवाडा पेठेला सोडत नाही. शेवटी वाटणी होते. म्हाळसा वर देवाशेजारी, बाणाई गडाच्या निम्म्या वाटेवर. पायऱ्या चढणारा भाविक आजही आधी बाणाईच्या देवळाशी थांबतो. लोककथा एवढ्यावरही थांबत नाही. शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि चंदाई अशा आणखी तिघी ती देवाच्या संसारात आणते. देवाचा प्रधान हेगडी, त्याचं नावही कानडीच. हेगडे म्हणजे गावचा कारभारी.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर पायी फिरून, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर 1976 साली ग्रंथ लिहिला. देवाच्या बायका म्हणजे समाजासमाजांत जुळलेली सोयरीक, हे त्याला या ओव्यांतच सापडलं. त्याआधी रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाचं कानडी-तेलुगू मूळ मराठी वाचकांसमोर मांडलं होतं. या दोघांचं ऋण न मानता खंडोबावर लिहिणं कृतघ्नपणाचं ठरेल.

दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातून मेंढपाळ ऋतूप्रमाणे वर-खाली करत. देव त्यांच्याबरोबर हिंडला आणि वाटेवरच्या डोंगरांवर वस्तीला राहिला, असं त्याच्या ठाण्यांचा नकाशा पाहिला की वाटू लागतं. विजयनगर जिल्ह्यातलं मैलार, हावेरीतलं देवरगुड्ड, मंगसुळी, नळदुर्ग, नांदेडचं माळेगाव, साताऱ्याजवळची पाली, निमगाव दावडी, जेजुरी. मैलारच्या यात्रेत देवाचा उपासक गोरवय्या उंच धनुष्यावर चढून वर्षाचं भाकीत एका वाक्यात सांगतो. हे गोरव अंगावर काळी घोंगडी घेत, देवाचे कुत्रे म्हणून भुंकत आणि काठवटीतलं अन्न तोंडाने खात. मराठी मुलखात हेच काम वाघ्यांकडे होतं. हातात कोटंबा, गळ्यात भंडाऱ्याची वाघाच्या कातड्याची पिशवी. जेजुरीत देवापाशी कुत्रा असतो तो याच नात्याने.

नळदुर्ग आणि अणदूर या शेजारच्या गावांत देवाची मूर्ती एकच. वर्षातले थोडे महिने ती नळदुर्गात असते, उरलेले अणदुरात. मूर्ती हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामाचा कागद व्हावा, हे किती मनोज्ञ!

जेजुरीतही घरं दोन. कडेपठार जुनं आणि उंचावरचं, गडकोट खालचा. म्हाताऱ्या भक्ताला चढ झेपेना म्हणून देवच खाली उतरला, अशी आख्यायिका आहे. गडकोटाचं आजचं रूप मात्र मुख्यतः अठराव्या शतकातलं. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर स्वतः धनगर, नावही कुलदैवताचं. त्यांचं घराणं माळव्यात राज्य करू लागलं आणि जेजुरीचा तट, ओवऱ्या, तलाव दगडात उभे राहिले. दीपमाळा अनेक भक्तांच्या नवसांच्या. मराठी घोडदळ वाढलं त्याच काळात घोड्यावरचा, खड्ग उगारलेला खंडोबा घरोघरच्या देव्हाऱ्यात चांदीच्या टाकावर बसला. गर्भगृहात लिंग आणि टाकावर स्वार, अशी दोन रूपं. ‘वाघ्याचा पाग्या झाला तरी त्याचा यळकोट राहीना’ ही म्हण त्या दिवसांचीच वाटते. देवाच्या भिक्षेकऱ्याला पागा मिळाल्याची आठवण तिच्यात आहे.

घरातली पूजा सोपी. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबरं आणि भंडारा घ्यायचा, पाच जणांनी यळकोट म्हणत तीनदा उचलायचं. ही तळी भरली की कुळधर्म झाला, पुरोहित नसला तरी चालतं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला उठतात. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात येतात. म्हणून तिचं घरगुती नाव वांगेसट. भरीत आणि बाजरीचा रोडगा आधी देवाला, मग कुत्र्याला. लग्नानंतर जागरण ठरलेलं असतं. दिमडी, तुणतुणं, घोळ वाजतात, दिवटी पेटते आणि शेवटी वाघ्या लंगर तोडतो.

या परंपरेला एक दुखरी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. नवसाने मूल झालं की मुलगा वाघ्या आणि मुलगी मुरळी म्हणून देवाला सोडत. मुरळीचं लग्न देवाशी लागे, माणसाशी लागत नसे. तिचं पुढचं आयुष्य बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या मर्जीवर जाई. या मुली मुख्यतः अस्पृश्य आणि गरीब घरांतल्या. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढलं आणि या चालीविरुद्ध मोहीम उघडली, मुरळ्यांची लग्नं लावून देण्यासाठी खटपट केली. मुंबई इलाख्यात देवदासीविरोधी कायदा झाला 1934 साली. देवाच्या दोन बायकांच्या भांडणावर रात्र रंगवणाऱ्या समाजाला या आणखी एका ‘बायको’चं दुःख ऐकू यायला फार उशीर लागला. आज जागरणात नाचणारी मुरळी बहुधा कलावंत म्हणून येते.

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बंगाळी पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, कैकाडी अशा भटक्या जमाती दूरदूरहून येतात, जनावरांचे सौदे करतात. पूर्वी इथेच जातपंचायती बसत, सोयरिकी ठरत. सोमवारी अमावास्या आली की पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते आणि वाटेवरची माती पिवळी होते.

दसऱ्याच्या रात्री मात्र दोन्ही घरांची भेट होते. गडकोटाची पालखी खाली उतरते, कडेपठाराची समोरून येते. रात्र चढत जाते, दरीत फटाके आणि यळकोट घुमतात, आणि दोन पालख्या समोरासमोर आल्या की देवाला आरशात देवाचं दर्शन घडवतात. पहाटे पालखी गडावर परतते. मग पटांगणात पानसे सरदारांनी अर्पण केलेला खंडा बाहेर निघतो. वजन सुमारे 42 किलो. गावातले गडी पाळीपाळीने पुढे येतात. कोणी तो एका हाताने आडवा तोलून धरतो, कोणी दातांनी उचलतो, आणि हात थरथरू लागला की गर्दीतून भंडाऱ्याची मूठ त्याच्या अंगावर येऊन पडते.