‘पेपर आहेत का?’ : कुत्र्यांच्या नोंदवहीचा इतिहास आणि आपण साधन कसं वाचतो

घरात कुत्रं आणायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पेपर आहेत का?’ पेपर म्हणजे केनेल क्लबचं नोंदणीपत्र. त्यात पिल्लाच्या आईबापांची नावं, त्यांच्या आईबापांची नावं, अशा मागच्या काही पिढ्या असतात. विकणारेही ‘पेपरवालं’ आणि ‘बिनपेपरचं’ असे दोन भाव सांगतात. पेपर असले की ब्रीडर चांगला, पिल्लू निरोगी, असं बहुतेक घरं धरून चालतात.

हा कागद इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हातात घेतला, तर त्याला वेगळा प्रश्न पडायला हवा : ही नोंद मुळात कोणी, कशासाठी ठेवायला सुरुवात केली? संशोधनाची तयारी करताना ‘साधनांची चिकित्सा’ हा शब्द आपण पाठ करतो, पण ती करायची कशी हे उदाहरणाशिवाय कळत नाही. म्हणून आज हे उदाहरण.

सुरुवात इंग्लंडमध्ये करावी लागते. जून १८५९ मध्ये न्यूकॅसल इथे एक डॉग शो भरला. आधुनिक पद्धतीचा पहिला डॉग शो म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीच्या दोन प्रकारच्या कुत्र्यांना प्रवेश होता आणि बक्षीस म्हणून बंदुका होत्या. गंमत अशी, की सेटरचं बक्षीस पॉइंटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याला मिळालं आणि पॉइंटरचं सेटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याला! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा शोंचं पेव फुटलं आणि त्याबरोबर भांडणंही वाढली. अमुक बक्षीस जिंकलेला कुत्रा तो हाच कशावरून? एकाच नावाचे अनेक कुत्रे शोमध्ये असायचे, मग निकाल कोणाच्या नावावर धरायचा?

या गोंधळातून १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. एस. ई. शर्ली हे त्यामागचे प्रमुख गृहस्थ. १८७४ मध्ये क्लबनं पहिलं ‘स्टड बुक’ छापलं. १८५९ पासूनच्या शोंमधल्या कुत्र्यांची ती नोंदवही होती. १८८० मध्ये सगळ्या कुत्र्यांच्या नावांची नोंदणी सुरू झाली, तीही सुरुवातीला विरोध पत्करूनच. या नोंदणीचा हेतू नावांची सरमिसळ टाळणं एवढाच होता. वंशावळीला तेव्हा फारसं महत्त्व नव्हतं. ओळख पटवायला मदत म्हणून ती पुढे आली.

हे लक्षात ठेवा. ज्या कागदावर आपण आज आरोग्याची भिस्त ठेवतो, तो जन्मला स्पर्धेचे निकाल नीट लावण्यासाठी. त्यात आजारासाठी रकानाच नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत तुमच्या पणजोबांचं नाव, गाव, भाऊबंद सापडू शकतात. घराण्याचा इतिहास लिहायला ते मोलाचं साधन आहे. पण पणजोबांना मधुमेह होता का, हे त्या वहीला विचारून उपयोग नाही. वही खोटं बोलत नाही, तिला तो प्रश्न कधी कोणी विचारलेलाच नसतो.

आता दुसरी पायरी. ‘जात’ म्हणजे ब्रीड ही कल्पनाही याच काळात घट्ट झाली. मायकेल वोरबॉइज, ज्यूली-मरी स्ट्रेंज आणि नील पेंबरटन या इतिहासकारांनी २०१८ मधल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ द मॉडर्न डॉग’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. आधी कुत्र्यांचे प्रकार प्रामुख्यानं कामावरून ओळखले जायचे. व्हिक्टोरियन काळात ठरावीक रूप, ठरावीक मापं आणि शुद्ध रक्त यांवरून जात ठरू लागली. पुढे नोंदवह्या बंद झाल्या. म्हणजे ज्याचे आईबाप वहीत आहेत, त्यालाच वहीत जागा. बाहेरचं रक्त येणं थांबलं, आणि आतल्या आत बक्षीस जिंकलेल्या मोजक्या नरांकडूनच पिल्लं घेतली जाऊ लागली.

याचा परिणाम साध्या गणितानं कळतो. अनेक आनुवंशिक आजार अप्रभावी असतात : सदोष जनुकाची एकच प्रत असेल तर कुत्रा निरोगी दिसतो, दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो. आई आणि बाप दोघंही एकेक सदोष प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. आईबाप ठणठणीत, पेपर चोख, तरी पिल्लू आजारी. जवळच्या नात्यात पैदास वाढली की अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यताही वाढते.

हे टोकाला गेलेलं दिसतं डाल्मेशियनमध्ये. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक अॅसिडचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या अॅलॅन्टॉइनमध्ये होतं. डाल्मेशियनमध्ये युरिक अॅसिड यकृताच्या पेशींत नीट पोचत नाही, ते लघवीत उतरतं. त्यातून काहींना, विशेषतः नरांना, मूतखडे होतात. खडा मूत्रमार्गात अडकून लघवी तुंबली तर जिवावर बेतू शकतं. हा दोष अप्रभावी आहे हे ट्रिंबल आणि कीलर यांनी १९३८ मध्येच दाखवलं होतं. अडचण अशी, की शुद्ध डाल्मेशियनमध्ये निर्दोष प्रत उरलेलीच नव्हती. नोंदवहीच्या आत कितीही चांगला ब्रीडर शोधला, तरी त्याच्याकडे या दोषापुरतं निर्दोष पिल्लू मिळणं अशक्य होतं.

अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शाइबल यांनी १९७३ मध्ये डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी संकर केला. त्यातून निर्दोष प्रत असलेली पिल्लं निवडायची, त्यांचा पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी संकर करायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या. दर पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा होतो : पहिल्या पिढीत अर्धा, पाचव्या पिढीत सरासरी बत्तिसावा. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं पाचव्या पिढीतले दोन कुत्रे नोंदवून घेतले. पण डाल्मेशियनप्रेमींच्या राष्ट्रीय संघटनेतून विरोध झाला, शुद्धतेचा मुद्दा आला आणि पुढची नोंदणी थांबली. २००८ मध्ये दोषी जनुक नेमकं सापडलं, त्याचं नाव एसएलसी२ए९. एका साध्या चाचणीनं पिल्लू निर्दोष आहे की नाही हे कळू लागलं. ब्रिटनच्या क्लबनं २०१० मध्ये आणि अमेरिकेच्या क्लबनं २०११ मध्ये या वंशातल्या कुत्र्यांना दार उघडलं. म्हणजे १९८१ ते २०११ ही तीस वर्षं, उपाय हातात असताना, ‘पेपर असलेलं’ आणि ‘या आजारापासून सुरक्षित’ या दोन गोष्टी अमेरिकेत एकमेकींच्या विरुद्ध टोकाला होत्या.

मग आरोग्याची नोंद कुठे होती? पशुवैद्याच्या कपाटात, मालकाच्या नावाखाली. वंशाची नोंद क्लबच्या कपाटात, कुत्र्याच्या नावाखाली. दोन कपाटांचा एकमेकांशी संबंध नाही. माझ्या मते कुत्र्यांच्या पैदाशीचा विसाव्या शतकातला इतिहास म्हणजे बराचसा या दोन कपाटांना जोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

१९४० च्या दशकात ब्रिटनमधल्या आयरिश सेटरमध्ये हळूहळू अंधत्व आणणारा आजार पसरला होता. तेव्हा जनुकचाचणी नव्हती. संशयित कुत्र्याचा आंधळ्या कुत्र्याशी संकर करायचा, पिल्लं आंधळी निघाली तर तो वाहक, असा तो कठोर मार्ग होता. अमेरिकेत जॉन ऑलिन यांच्या पुढाकारानं १९६६ मध्ये ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अॅनिमल्स ही संस्था निघाली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार असतो. त्यासाठी कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्यावर एक्स-रे पाहून पक्की श्रेणी द्यायची, अशी ही पद्धत.

इथेही चिकित्सा सोडायची नाही. या संस्थेच्या खुल्या यादीत वाईट निकाल मालकाच्या संमतीशिवाय येत नसत. उघड वाईट दिसणारा एक्स-रे मालक पाठवेलच असंही नाही. त्यामुळे ती यादी वाचून ‘या जातीत एवढे टक्के कुत्रे निरोगी’ असं छातीठोक लिहिणारा संशोधक फसेल. एका विशिष्ट कुत्र्याचा निकाल मात्र त्यात भरवशानं कळतो. साधन तेच, एका प्रश्नाला चालतं, दुसऱ्याला नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीवर ‘पेडिग्री डॉग्ज एक्सपोज्ड’ हा माहितीपट दाखवला गेला आणि ही चर्चा लोकांपर्यंत पोचली. २००९ मध्ये बीबीसीनं क्रफ्ट्स हा प्रसिद्ध डॉग शो दाखवला नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या केनेल क्लबनं सख्खी भावंडं किंवा पालक-अपत्य यांच्या संकरातली पिल्लं नोंदवणं बंद केलं. १३५ वर्षं नोंदवही चालल्यावर आलेला हा नियम! २०१० मध्ये सर पॅट्रिक बेट्सन यांचा चौकशी अहवाल आला.

भारतात मे २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम अधिसूचित झाले. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, नोंदी ठेवायच्या, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. केनेल क्लबचे पेपर आणि मंडळाची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी. एक कुत्र्याच्या वंशाची, दुसरी ब्रीडरच्या व्यवसायाची. विकणाऱ्यानं एक दाखवून दुसरीचं काम भागवलं, तर आपण थांबवायचं.

आता हाच इतिहास हाताशी धरून ब्रीडरसमोर बसा. पेपर जरूर बघा, पण त्याला फक्त त्याच्या वकुबातले प्रश्न विचारा : आईबाप कोण, त्यांचं एकमेकांशी नातं किती जवळचं, मागच्या पिढ्यांत एकच नर पुन्हापुन्हा येतो का. लॅब्रॅडॉर असेल तर आई आणि बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, त्यावरची तारीख बघा आणि त्या तारखेला कुत्र्याचं वय किती होतं ते मोजा. डाल्मेशियन असेल तर एसएलसी२ए९ ची चाचणी विचारा, आणि या जातीत बहिरेपणही असतं म्हणून श्रवणचाचणीचा कागद मागा. पिल्लांची आई प्रत्यक्ष बघायला मागा. ती कशी राहते, किती वेळा व्याली आहे, हे विचारा. आधीच्या वेतातली पिल्लं कुठे आहेत आणि त्यांची तब्येत कशी आहे, हे सांगता येणारा ब्रीडर दोन्ही कपाटं स्वतः जोडतो आहे असं समजा. ‘आमच्या लाइनमध्ये कधीच काही निघालं नाही’ असं म्हणणाऱ्याला एकच विचारा : तपासलं होतं का?

अर्काइव्हमध्ये बसल्यावरही हाच प्रश्न कामाला येतो. एखाद्या दप्तरात साथीचा, दंग्याचा, बाळंतपणात दगावलेल्या बाईचा उल्लेख नाही, म्हणून तसं घडलंच नाही असं लिहिण्याआधी त्या दप्तराचे रकाने पाहा. ते कोणी आखले, कशासाठी आखले, आणि ती गोष्ट घडली असती तर ती लिहायला त्यात जागा होती का, हे तपासा. जागा नसेल, तर ती गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी कपाटात असू शकते, आणि तुमचा पुढचा महिना ते कपाट शोधण्यात जायला हवा.