२८ मार्च १९४९ : विरोधकाने केलेले बारसे

बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वर या दिवशी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे व्याख्यान झाले. विश्व भूतकाळातल्या एका क्षणी अचानक जन्मले, ही कल्पना त्यांना पटत नव्हती. तिचा उल्लेख त्यांनी ‘बिग बँग’ (महास्फोट) असा केला आणि प्रतिपक्षाच्या सिद्धान्ताचे बारसे त्यांच्याच तोंडून झाले! आपण खिल्ली उडवली नव्हती, श्रोत्यांना आपल्या आणि त्या सिद्धान्तातला फरक कळावा एवढाच हेतू होता, असे ते पुढे सांगत. खुलासा पटण्याजोगा आहे. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, ते शब्दांनीच उभे करावे लागते.

हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांच्या १९४८च्या स्थिर स्थिती सिद्धान्तानुसार विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने घनता तेवढीच राहते. अशा विश्वाला आरंभ नाही. १९६५ मध्ये पेन्झियस व विल्सन यांच्या विश्वाच्या उष्ण आरंभाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या शोधाने पारडे महास्फोटाकडे झुकले. हॉईल बधले नाहीत. त्यांचे शिष्य, कोल्हापूरचे जयंत नारळीकर हेही महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. १९९३ मध्ये दोघांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर स्थितीचा सुधारित सिद्धान्त मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही.