आरण्यकातली कचेरी

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘आरण्यक’चा विषय निघाला की लोक चांदण्यावर, सरस्वतीकुंडाच्या रानफुलांवर आणि रानरेड्यांच्या देवावर, टाँडबारोवर, भरभरून बोलतात. माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचं चिंतन म्हणूनच ती कादंबरी वाचायची, अशी जणू रीत पडली आहे. मी तलाठी. सगळी नोकरी कृष्णाकाठच्या सजांमध्ये गेली. त्यामुळे असेल, पण हिंदी अनुवाद वाचताना माझं लक्ष आधी गेलं ते कचेरीकडे.

ही कादंबरी पुस्तकरूपाने आली 1939 साली. त्याच्या बरंच आधी, 1924 च्या सुमारास, विभूतिभूषण कलकत्त्याच्या एका जमीनदार घराण्याच्या नोकरीत भागलपूरला गेले होते. तिकडचा जंगलमहाल सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. कादंबरीचा निवेदक सत्यचरण, त्याची नोकरीही तीच. फुलकिया, लवटुलिया या भागांतल्या हजारो बिघे रानावर कुळं बसवायची, सलामी म्हणजे नजराणा घ्यायचा आणि खंड ठरवून द्यायचा.

पण हे रान अनादी नव्हतं. ते कुठून आलं, हे लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. तिथे पूर्वी शेतं होती, कुळं होती. गंगेने ती जमीन गिळली, माणसं परागंदा झाली. पुढे नदी सरकली, जमीन वर आली आणि तिच्यावर झाऊची झुडपं आणि काश गवत माजलं. जुनी कुळं जमीन मागायला आली, रडली, पाया पडली. जमीनदाराने त्यांना दाद दिली नाही. नव्या माणसाकडून सलामीही मिळते आणि खंडही चढा लावता येतो.

आमच्याकडे अशा जमिनीला मळईची जमीन म्हणतात, बंगाल-बिहारच्या दप्तरात ‘शिकस्त-पयस्त’. नदीने तोडलेली ती शिकस्त, जोडलेली ती पयस्त. यासाठी 1825 सालचं खास रेग्युलेशन होतं. पुढे 1870 साली लोपेझच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला, की बुडालेली जमीन जुन्या जागीच पुन्हा वर आली आणि ती जागा ओळखता आली, तर मूळ मालकाचा हक्क कायम राहतो. म्हणजे मालकी पाण्याखालीही शाबूत! कादंबरीतल्या कुळांचा हक्क मात्र पहिल्याच पुरात वाहून गेला.

त्यात 1793 चा कायमधारा. सरकारला द्यायचा सारा एकदाच ठरून गेलेला, तेव्हा पडीक रान लागवडीला आलं की वाढीव खंड जमीनदाराच्याच पदरात. आपल्याकडे 1836 साली इंदापुरापासून विंगेट-गोल्डस्मिडची पद्धत सुरू झाली. शेत न् शेत मोजलं, आकार तीस वर्षांसाठी बांधला आणि सारा थेट रयतेकडून घेतला. त्यातही रयत सावकाराच्या दारात गेलीच, पण निदान खातं तिच्या नावावर होतं. फुलकियाच्या गांगोता जातीच्या गरीब माणसांच्या नावावर कसलाच कागद नव्हता. सत्यचरणाच्या कचेरीत पुण्याहाचा, म्हणजे वसुलीच्या वर्षारंभाचा, सण होतो तेव्हा न बोलावलेली माणसं भर पावसात अंगणात बसून चिना घासाचे दाणे, आंबट दही आणि गूळ खातात. तो प्रसंग वाचताना मला आमच्या चावडीपुढची दुष्काळी कामांची रांग आठवली.

रान कसं गेलं, तेही पाहण्यासारखं आहे. कुऱ्हाड नंतर आली, आधी पट्टा आला. एकेक तुकडा नोंदवहीत चढला, मग झाडं पडली, झोपड्या उठल्या, मोहरी पिवळी झाली. ज्या युगलप्रसादाने लांबलांबून वेली आणि बिया आणून सरस्वतीकुंडाकाठी लावल्या, तोही याच कचेरीत काम करणारा. सत्यचरण त्या कुंडाकाठची जमीन पट्ट्याने देणं शक्य तितकं लांबवतो, पण वहीपुढे त्याचा इलाज चालत नाही. दोबरू पन्ना तर डोंगराचा राजा म्हणवणारा, गुरं चारणारा म्हातारा. त्याच्या राज्याला कुठल्याच दप्तरात रकाना नाही.

शेवटी सत्यचरण वनदेवतांची क्षमा मागतो. वाचक इथे हेलावतात, मीही हेलावलो. पण नंतर वाटलं, क्षमा मागायची ती आधी त्या जुन्या कुळांची. त्यांच्याच बुडालेल्या शेतांवर ते रान उगवलं होतं. रान नव्हतं तेव्हा ती बेघर झाली आणि रान तुटलं तेव्हाही जमीन दुसऱ्यालाच मिळाली. विभूतिभूषणांनी त्यांची हकिगत थोडक्यात सांगितली, पण सांगितली. पगारी मॅनेजरने ती झाकून ठेवली असती तर कुणी विचारायला आलं नसतं. माणसाची निसर्गातली जागा कोणती, या प्रश्नावर मोठी चर्चा होते. माझ्या खात्यात राहिलेला माणूस त्याला एक पोटप्रश्न जोडेल: कोणत्या माणसाची, आणि ती कुणी लिहून दिली?