काउंटीचे आरोग्य : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, दक्षिणेकडे, स्कॉट नावाची काउंटी आहे. लोकसंख्या सुमारे 24 हजार. एचआयव्हीचे नवे रुग्ण तिथे वर्षाला पाचही सापडत नसत. 2015 मध्ये याच काउंटीतल्या ऑस्टिन या चार-साडेचार हजार वस्तीच्या गावात काही महिन्यांतच दीडशेहून अधिक माणसे बाधित निघाली. ओपाना या वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेतल्या जात होत्या आणि तीच सुई घरभर फिरत होती. काही घरांत तर तीन-तीन पिढ्यांमध्ये. स्वच्छ सुया वाटण्यास तेव्हा राज्याचा कायदा परवानगी देत नव्हता. मार्चमध्ये गव्हर्नर माइक पेन्स यांनी आणीबाणीचा आदेश काढला, तेव्हा कुठे वाटप सुरू झाले. मग एकाच छताखाली एचआयव्हीची तपासणी, लस, जन्मदाखला, आरोग्य विम्याची नोंदणी आणि व्यसनमुक्ती उपचारांची वाट, सगळे आणून ठेवण्यात आले. साथ ओसरली. पुढे 2021 मध्ये काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळाने दोन विरुद्ध एक मताने तो सुया-वाटपाचा उपक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला.

ही साथ संसर्गाची की व्यसनाची? स्कॉटमध्ये हा प्रश्न निरर्थक ठरला, आणि या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाने सुरुवात याच ठिकाणाहून करावी असे मला मनापासून वाटते. साथरोग, लसीकरण, स्वच्छ पाणी हे सार्वजनिक आरोग्य. मानसिक आजार आणि व्यसन यांना मिळून तिकडे 'बिहेवियरल हेल्थ' म्हणतात. कागदोपत्री ही दोन खाती असतात, दोघांचे निधी वेगळे, नियम वेगळे. दारात येणारा माणूस मात्र एकच असतो. काउंटीच्या सेवांचा विस्तार अभ्यासायचा तो या माणसाच्या बाजूने, खात्यांच्या बाजूने नव्हे. हेच या पुस्तकाचे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला काउंटी म्हणजे जिल्हा असे वाटते आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, शल्यचिकित्सक आणि तुरुंग यांचे धनी वेगवेगळे असतात. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कर, तुरुंग, आरोग्य खाते आणि निवडून आलेला शेरीफ या सगळ्यांचा खर्च एकाच काउंटीच्या तिजोरीवर पडतो. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात, स्कॉटमध्ये 24 हजार. नाव एकच, पण हातातली साधने किती वेगळी!

सार्वजनिक आरोग्य आणि बिहेवियरल हेल्थ या दोन खात्यांचे भूतकाळही वेगळे आहेत. सार्वजनिक आरोग्याचे काम काउंटीकडे आले ते जंतूंमुळे. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीत विषमज्वराने थैमान घातल्यावर 1911 मध्ये पूर्णवेळ आरोग्य खाते सुरू झाले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील गिलफर्ड काउंटीनेही तसेच केले. दक्षिणेतल्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्धच्या रॉकफेलर मोहिमेने काउंटीकाउंटीत दवाखाने लावले, त्यातूनही कायमची खाती उभी राहिली.

मानसिक आजारांची जबाबदारी मात्र राज्यांची होती, म्हणजेच मोठमोठ्या मनोरुग्णालयांची. 1955 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. क्लोरप्रोमाझिन हे औषध आले, कोंडवाड्यांविषयी संताप वाढला आणि 31 ऑक्टोबर 1963 रोजी अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णालये रिकामी झाली, पण ठरलेल्या केंद्रांपैकी निम्मीच कशीबशी उभी राहिली. 1981 मध्ये केंद्र सरकारने ठरावीक रकमेचे एकत्रित अनुदान राज्यांच्या हाती दिले आणि स्वतःचा हात आखडता घेतला. बाहेर पडलेली माणसे रस्त्यावर, तुरुंगात आणि तातडीच्या विभागांत पोचली. तुरुंग काउंटीचा, म्हणून जबाबदारीही काउंटीवर आली. ठरवून सोपवलेले काम आणि अंगावर येऊन पडलेले काम यांत फरक असतो. आज काउंट्यांत जी ओढाताण दिसते तिचे मूळ इथे आहे.

पैशाचा विषय रूक्ष वाटेल, तरी तो टाळू नका. 1965 मध्ये मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना आली. सोळाहून अधिक खाटा असलेल्या मानसोपचार संस्थेत 21 ते 64 वयाच्या रुग्णाचा खर्च केंद्र सरकार देणार नाही, असा तिचा नियम आहे. मनोरुग्णालयांचा बोजा राज्यांनी केंद्रावर ढकलू नये म्हणून केलेली ही तरतूद. परिणाम असा की आजही कित्येक केंद्रांत बरोबर सोळाच खाटा असतात. पुढे काही राज्यांना सवलती मिळाल्या, पण कायदा कायम आहे. कॅलिफोर्नियाने 1991 मध्ये मानसिक आरोग्याची जबाबदारी आणि विक्रीकराचा काही वाटा काउंट्यांकडे सोपवला. 2004 मध्ये मतदारांनी दहा लाख डॉलरहून अधिक उत्पन्नावर एक टक्का जादा कर मंजूर केला, तो पैसा थेट या कामासाठी. श्रीमंतांचे उत्पन्न शेअर बाजाराबरोबर वरखाली होते, म्हणून मंदीत, म्हणजे गरज सर्वांत मोठी असते तेव्हाच, हा झरा आटतो. मार्च 2024 मध्ये अगदी निसटत्या मतांनी मंजूर झालेल्या प्रस्तावाने या निधीचा 30 टक्के भाग निवाऱ्यासाठी राखून ठेवला आणि निव्वळ व्यसनाधीन असलेल्यांनाही त्यात सामावून घेतले. घराशिवाय उपचार टिकत नाहीत, हे त्यातून कायद्याने मान्य केले. मात्र निवाऱ्याला दिलेला पैसा चालू दवाखान्यांतून निघतो, ही काउंट्यांची तक्रारही रास्त आहे.

विस्तार चांगला झाला म्हणजे कसा दिसतो, हे ॲरिझोनातील पिमा काउंटीत पाहावे. मतदारांनी 2006 मध्ये कर्जरोख्यांना संमती दिली आणि 2011 मध्ये टूसॉन शहरात संकटकालीन मानसोपचार केंद्र उघडले. पोलिसांसाठी त्याला वेगळे दार आहे. सैरभैर झालेल्या माणसाला घेऊन आलेला शिपाई काही मिनिटांत मोकळा होतो, आणि कुणालाही परत पाठवले जात नाही. आत पहिल्या 23 तासांसाठी खाटांऐवजी मागे रेलता येतील अशा खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि बरीच माणसे त्या काळात सावरतात. संकटकाळी मदतीचे फोन घेणारी माणसेही त्याच इमारतीत बसवण्यात आली. जुलै 2022 पासून अशा फोनसाठी देशभर 988 हा क्रमांक सुरू झाला आहे. पण फोन उचलल्यावर कोण येणार, कुठे नेणार आणि दुसऱ्या दिवशी चौकशी कोण करणार, ते स्थानिक यंत्रणेवरच ठरते. माझ्या मते विस्तार मोजायची कसोटी त्या दुसऱ्या दिवसात आहे. नवी इमारत दिसते, पाठपुरावा दिसत नाही, म्हणून उद्घाटने होतात आणि पाठपुरावा करणाऱ्यांच्या जागा रिकाम्या राहतात.

या रिकाम्या जागांच्या प्रश्नात एक धागा आपल्याकडून गेला आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांबरोबर 1996 मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्यावर मोजक्या भेटींत उपचार करावेत, ही पद्धत त्यांनी काटेकोर चाचण्यांतून तपासली. ती गुणकारी ठरली. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी उभारलेल्या कार्यक्रमातून हीच पद्धत टेक्सासमधल्या आरोग्य कार्यकर्त्यांपर्यंत पोचली. 1996 मध्येच भारतात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही सुरू झाला. त्यामुळे या विषयात आपण केवळ प्रेक्षक नाही.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. कायद्याचा कंटाळा असेल तर आधी संकटकालीन सेवांचे प्रकरण वाचा. मात्र प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी विचारत राहा : पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा, आणि रुग्ण गळाला तर शोधायला जाणार कोण. जे वाचक अमेरिकेत राहतात त्यांना एक विनंती आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीला बिहेवियरल हेल्थचे सल्लागार मंडळ ठेवावेच लागते, आणि त्यात सहसा निदान निम्मे सदस्य सेवा घेणारे किंवा त्यांचे कुटुंबीय असावे लागतात. सांता क्लारा काउंटीत आपली मराठी कुटुंबे बरीच आहेत. तिथल्या मंडळाच्या सभा सर्वांना खुल्या असतात. एखाद्या सभेला जरूर जा.