किडे वेचणारी माणसे

इतिहास म्हटला की गड, तलवारी आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. पण आपले रोजचे जगणे ज्यांच्या आधाराने चालते, त्या गोष्टींचा इतिहास हा बहुधा डागडुजीचा इतिहास असतो. वाडा बांधणाऱ्याचे नाव दरवाजावरच्या शिळेत राहते. दर पावसाळ्याआधी छपरावर चढून कौले चाळणाऱ्याचे नाव कोणी कोरून ठेवीत नाही. आणि वाडा टिकतो तो मात्र या दुसऱ्या माणसामुळे! संगणकाच्या दुनियेत असा एक वाडा जवळजवळ पन्नास वर्षे उभा आहे. त्याचे नाव ईमॅक्स. त्याच्या एका खोलीची आणि त्या खोलीत किडे वेचीत बसलेल्या माणसांची ही हकिगत आहे.

किडे म्हणण्याचे कारण असे की, यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. एडिसनसारखा शोधक १८७८ साली आपल्या पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरीत होता. पुढे १९४७ साली हार्वर्डच्या एका अजस्र गणकयंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवण्यात आला. शब्द जुनाच होता. त्या दिवशी त्याला देह मिळाला, इतकेच.

ईमॅक्स हा मूळचा मजकूर लिहिण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कार्यक्रम. अमेरिकेत केंब्रिज गावी एम. आय. टी. नावाची विख्यात विद्यापीठसंस्था आहे. तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत 'टेको' नावाचा एक जुना लेखनकार्यक्रम होता. ज्याला जी सोय हवी, ती तो आपल्यापुरती त्याला जोडून घेई. होता होता प्रत्येकाचा टेको निराळा झाला आणि एकाच्या मेजावर दुसऱ्याला काम करता येईना. तेव्हा १९७६ साली गाय स्टील, रिचर्ड स्टॉलमन वगैरे मंडळींनी या विखुरलेल्या जोडण्या एकत्र ओवल्या. स्टॉलमन यांनी तो देताना एकच अट घातली: सुधारणा कराल तर ती परत आणून द्या. आपल्याकडे शेजारी भाजीची वाटी पाठवतो, ती रिकामी परत करीत नाहीत; तसाच हा प्रघात.

हा प्रघात कसा मोडतो, ते स्टॉलमन यांनी लवकरच पाहिले. १९८० च्या सुमारास प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या कार्यक्रमात स्टॉलमन यांनी, कागद अडकला की सगळ्यांना सूचना जाईल, अशी युक्ती करून ठेवली होती. नव्या यंत्राचा मूळ कार्यक्रम मात्र कोणी हाती देईना. तो ज्याच्यापाशी होता, त्याने कंपनीला गुप्ततेचे वचन दिले होते. दोष डोळ्यांना दिसतो आहे, उपाय ठाऊक आहे, हातात कसब आहे. आणि तरी हात बांधलेले! ही चीड पुढे फार दूरवर गेली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ साली ग्नू ईमॅक्स लोकांच्या हाती पडू लागला. कोणीही वापरावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा आणि दुसऱ्याला द्यावा, अशी त्याची मोकळीक होती.

या वाड्याची बांधणीही अशी की दुरुस्तीला अडसर राहू नये. त्याचा गाभा सी भाषेत आणि बाकीचा पसारा लिस्प भाषेत लिहिलेला आहे. एखादी कळ दाबली असता काय घडते, असे विचारले की तो आपली चिठ्ठी काढून दाखवतो. तीतली ओळ बदलावी, एक आज्ञा द्यावी, की चालू असलेल्या कार्यक्रमातच नवी ओळ लागू होते. शिवणयंत्र न थांबवता त्याची सुई बदलावी, तसला प्रकार!

आता ती खोली. १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पान वाचताही येई आणि लिहिताही येई. वाचणे आणि लिहिणे ही जुळी भावंडे पुढे दुरावली. ब्राउझर वाचण्यापुरते उरले, लिहिण्याचे काम एडिटरकडे गेले. ईमॅक्समध्ये राहणाऱ्यांना मात्र ही फाटाफूट पसंत नव्हती. त्यांची पत्रे, टिपणे, हिशेब सगळे त्याच घरात. वेबची पाने पाहण्यासाठी तेवढे शेजाऱ्याकडे का जावे?

म्हणून १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विल्यम पेरी यांनी लिस्प भाषेत 'डब्ल्यू-थ्री' नावाचा ब्राउझर ईमॅक्सच्या पोटात रचला. वेबच्या पानांना वेशभूषा देणारी 'सीएसएस' नावाची पद्धत हॉकन विउम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात सुचवली; ती आरंभीच उचलून धरणाऱ्यांत हा डब्ल्यू-थ्री होता. त्याची चाल मात्र मंद. पानाची चिरफाड, मांडणी, सजावट सगळे लिस्पलाच करावे लागे. जपानात अकिनोरी इतो यांनी १९९५ साली 'डब्ल्यू-थ्री-एम' हा वेगळा, चपळ, अक्षरी ब्राउझर केला आणि पुढे पुष्कळांनी तोच ईमॅक्सला जोडून घेतला. पेरी यांचे काम वाया गेले नाही. पत्ता ओळखून पान आणून देणारा त्यातला 'यूआरएल' नावाचा भाग २००७ च्या ईमॅक्समध्ये कायमचा सामील झाला. जुन्या घराच्या तुळया नव्या घराला लागतात, त्यातलीच गत.

ईमॅक्सचा आजचा अंगभूत ब्राउझर म्हणजे 'ईडब्ल्यूडब्ल्यू'. त्याचे कर्ते नॉर्वेचे लार्स इंगेब्रिग्ट्सेन. ते ईमॅक्समधला 'न्यूज' नावाचा टपाल वाचण्याचा भाग सांभाळीत. लोकांची टपालपत्रे वेबपानांच्या भाषेत येऊ लागली, तेव्हा ती दाखवण्यासाठी २०१० साली त्यांनी एक छोटा चित्रकार कार्यक्रम लिहिला. चिरफाडीचे काम सी भाषेतल्या एका वेगवान ग्रंथालयाकडे सोपवले. पत्र दाखवता येते, तर पान का नको, या विचाराने त्याचाच ब्राउझर झाला. २० ऑक्टोबर २०१४ रोजी, लक्ष्मीपूजनाला तीन दिवस उरले असताना, तो ईमॅक्स २४.४ मधून जगापुढे आला.

आणि किडे निघू लागले!

पहिली अडचण तक्त्यांची. पानातला तक्ता मांडायचा, तर कोणत्या रकान्याला किती रुंदी लागेल ते आधी कळत नाही. म्हणून हा कार्यक्रम प्रत्येक घर एकदा बाजूला मांडून त्याची रुंदी पाहतो आणि मग ठरलेल्या मापाने सगळे पुन्हा मांडतो. पंगतीत पाने वाढण्याआधी एकदा रिकामे पाट मांडून पाहावेत, तसे. पण तक्त्याच्या घरात दुसरा तक्ता असला, त्यात तिसरा असला, तर? दोनदाचे काम चारदा होते, चारदाचे आठदा. पाच थरांत बत्तीसदा. एवढा वेळ सारा ईमॅक्स ताटकळत बसतो, कारण या घरात एका वेळी एकच माणूस काम करतो. एकदा मांडलेले घर लक्षात ठेवावे आणि पुन्हा तेच मागितले तर नव्याने न मांडता जुनेच काढून द्यावे, असा उपाय त्या कार्यक्रमात आहे. आजीने पापड एकदाच लाटून डब्यात भरून ठेवावेत, त्यापेक्षा हा उपाय फारसा निराळा नाही.

दुसरा किडा आपल्याला जवळचा. 'दिवाळी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र वेलांट्या आणि काना धरून ती सहा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. तीन, सहा की अठरा? वेबवर विनंतीचे पत्र पाठवताना हिशेब बाइटांचा लागतो. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागत असल्याने तिथे दोन्ही हिशेब जुळतात आणि चूक वर्षानुवर्षे झाकून राहते. देवनागरी, जपानी किंवा अरबी मजकूर आला की पितळ उघडे पडते. २०१६ सालच्या तक्रार क्रमांक २३७५० वरून पेरी यांच्या त्या जुन्या 'यूआरएल' भागात एक चौकी बसली. चिन्हे आणि बाइट यांची मोजणी जुळत नसेल, तर पत्र पाठवायचेच नाही, तसे स्पष्ट सांगून थांबायचे. चुकीचे पत्र मुकाट्याने धाडण्यापेक्षा हे बरे. आपली लिपी ज्या यंत्रांतून रोज जाते, त्यांत असे पहारेकरी कोणीतरी परक्या गावात बसून उभे केले आहेत, हे आपण विसरू नये.

तिसरा किडा विषारी. ईमॅक्समध्ये संगणकाच्या माहितीपुस्तिका उघडण्याची सोय फार जुनी आहे. ती लिहिली गेली, तेव्हा पुस्तिकेचे नाव सांगणारा माणूस घरचाच असे. ते नाव जसेच्या तसे संगणकाच्या आज्ञाघराकडे जाई. पुढे घराला वेबची खिडकी आली. आता पुस्तिकेचे नाव दूरच्या एखाद्या पानावरच्या दुव्यातूनही येऊ शकत होते. आणि त्या नावात कोणी दुष्टाने आपली आज्ञा दडवली, तर तीही पाळली गेली असती. भिंत जुनी, खिडकी नवी. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण जोडावर फट. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेल्या ईमॅक्स ३०.१ मध्ये ही फट बुजवली गेली. याआधी २०१७ च्या सप्टेंबरात अशीच एक तातडीची आवृत्ती काढावी लागली होती. सजवलेला मजकूर दाखवण्याच्या सोयीतला तो दोष १९९५ सालापासून, बावीस वर्षे, कोणाच्या ध्यानात न येता बसून होता. सर्वांना दिसते म्हणून सर्व पाहतात, असे नसते. शोधणारा एक तरी लागतो.

हे शोधणे चालते कसे? कोणालाही दोष दिसला, की ईमॅक्समधूनच तक्रारीचे पत्र जाते. त्याला क्रमांक मिळतो, आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात: पान कोणते, आवृत्ती कोणती, घडते ते नेहमी की कधीकधी? डॉक्टर नाडी धरून विचारतो तसे. औषध पुष्कळदा दोन ओळींचे असते. रोग सापडायलाच आठवडे जातात. पंधरा ओळींच्या आसपासची दुरुस्ती तशीच घेतात. त्याहून मोठी असेल, तर तिचे हक्क लेखी करारपत्राने १९८५ साली स्थापन झालेल्या मुक्त-संगणक संस्थेच्या नावे करून द्यावे लागतात. इंगेब्रिग्ट्सेन यांनी स्वतः जुन्या तक्रारींचा ढीग उपसण्यात वर्षे घातली. नवे काही निर्माण करण्याचा आनंद त्यात थोडा, आणि दुसऱ्याचे गाऱ्हाणे सबुरीने वाचण्याचे कष्ट फार.

सगळे किडे निघाले, असे मात्र नाही. आजची पुष्कळ वेबपाने जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेवर चालतात; ती ईडब्ल्यूडब्ल्यूला येत नाही. बँकेचे किंवा आगगाडीच्या तिकिटांचे काम त्यात होईल, अशी आशा धरू नये. शांतपणे एखादा लेख वाचायचा असेल, तर मात्र तो पानावरची गर्दी हटवून नेमका मजकूर पुढे ठेवतो. मोठ्या कंपन्यांच्या झगमगत्या ब्राउझरांपुढे तो समईसारखा दिसेल. पण ही समई विझू लागली तर वात पुढे सारण्याची मुभा घरातल्या प्रत्येकाला आहे. छपाईयंत्रापाशी स्टॉलमन यांना जी मुभा नाकारली गेली, तीच ही.

आणि आणखी एक गोष्ट. या वाड्यात कोणी कोणते कौल कधी बदलले, त्याच्या नोंदवह्या १९८५ पासून जपून ठेवल्या आहेत. तारीख, नाव आणि काय दुरुस्त केले, त्याची एक ओळ. त्यातली बहुतेक नावे आपण कधी ऐकणार नाही. पण ती तिथे आहेत, आणि ज्याला वाटेल त्याला वाचता येतात.