प्रेतापासून प्रतिरूपापर्यंत

जिवंत मनुष्यावर शस्त्र चालविण्यापूर्वी शिष्याचा हात बसला पाहिजे, हा दंडक आपल्याकडे इतका पुरातन आहे की, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय खर्ची घातला असून, छेदनासाठी कोहळा व दुध्या भोपळा, शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ, आणि पट्टबंधनासाठी मनुष्याकृती बाहुली, अशी सारी सामग्री त्यात नेमून दिली आहे. 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाल्यावर हा मान प्रेताकडे गेला. पुढे 1949 च्या अधिनियमाने बेवारस प्रेते महाविद्यालयांच्या हवाली करण्याची तजवीज केली.

मुंबईच्या खाडीपलीकडे, जेथे सिडकोच्या 1970 मधील स्थापनेपूर्वी मिठागरे आणि भातशेते पसरली होती, तेथील नेरूळचे डी. वाय. पाटील व कामोठ्याचे महात्मा गांधी मिशन ही वैद्यकीय महाविद्यालये 1989 ची. परंपरेचा वारसा नाही, आणि तिचे जोखडही नाही! 2019 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू करून कौशल्य-प्रयोगशाळेचा आग्रह धरला, तेव्हा नॉर्वेचे खेळणी-कारखानदार लेर्दाल यांनी 1960 मध्ये बाजारात आणलेल्या बाहुलीचे वंशज, म्हणजे नाडी चालणारे, श्वास घेणारे, संगणकाच्या हुकमाने अत्यवस्थ होणारे पुतळे, देशभरच्या वैद्यकशिक्षणाच्या सरंजामात रीतसर दाखल झाले. आभासी वास्तवातील सरावानेही हात बसतो, हा दावा पोकळ नव्हे: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगात त्यावर हात बसविलेल्या उमेदवारांनी पित्ताशयाचे विच्छेदन 29 टक्के कमी वेळात उरकले. म्हणून मृतदेहाची गरज सरली, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. देहदानाची निकड आजही तितकीच आहे.